इंग्रजी सनई आणि गाभुळलेली चिंच

सनईवाल्यासमोर उभं राहून चिंच खाल्ली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सनई बंद पडते. आमच्या भागात हे ज्ञान पोरांना शाळेत जायच्या आधीच होतं. मी तर सनईवाल्याच्याच घरात जन्मले, त्यामुळे मला ते जरा जास्तच लवकर झालं. सायखेड्याच्या आमच्या ओट्यावर दादा, म्हणजे माझे वडील, रियाजाला बसले की मी समोर कोवळी चिंच घेऊन मांडी घालायची आणि एक डोळा मिटून मिटक्या मारायची. चिंचेचे दिवस नसले तर द्राक्षाच्या मळ्यातून आणलेले हिरवेकच्च मणी. दादा आधी मान फिरवायचे, मग डोळे मिटायचे, मग त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर व्हायला लागायची आणि शेवटी सनईतून कोंबडीच्या पिल्लासारखा एक आवाज निघून सगळं थांबायचं. "अगं ए, उचल ही अवदसा हितून!" असं ते आईला ओरडायचे. मला मार मात्र कधी बसला नाही, कारण मारायला उठेपर्यंत त्यांनाच हसू फुटायचं.

सनईचा सगळा जीव तिच्या तोंडाशी असलेल्या पत्तीत. नळ नावाचं बोरूसारखं गवत असतं, त्याचे दोन पातळ काप एकमेकांवर बांधून ती पत्ती करतात. नदीकाठी आमच्याकडे नळाचं रान माजलेलं होतं. दादा नळ तोडून आणायचे, पत्र्यावर वाळवायचे आणि दाढीच्या पात्यानं तासून पत्त्या करायचे. पत्ती कोरडी असली तर फुंकून फुंकून जीव गेला तरी बोलत नाही. म्हणून वाजवणारा ती आधी तोंडात धरून बसतो, भिजली की मग सनईला लावतो. मात्र जास्त पाणी झालं की ती गुदमरते. चिंचेची सगळी करामत एवढीच.

गावातल्या देवळाची आणि आसपासच्या लग्नांची सनई पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे होती. घर म्हटलं की रीती आल्या. आमच्याकडे दोन होत्या आणि दोन्ही कडक. पहिली अशी की मुलीच्या बापानं स्वतःच्या मांडवात सनई उचलायची नाही. देणाऱ्याचे हात मोकळे हवेत, कन्यादान व्हायचं असतं. दुसरी रीत अशी की अक्षता पडल्यावर लागलेली सनई सप्तपदी होईपर्यंत तुटू द्यायची नाही. तुटलीच, तर घरातल्या ज्याला वाजवता येतं त्यानं तिथल्या तिथं उचलायची. पूर्वी भाऊबंद खंडीभर होते, एकाच्या मुलीला दुसरा वाजवायचा, त्यामुळे या रीतींनी कुणाचं काही अडत नव्हतं. माझ्या वेळेपर्यंत मात्र भाऊबंद नोकऱ्यांना लागले होते आणि लोकांच्या मांडवात सनईची कॅसेट वाजायला लागली होती. गावात वाजवणारे एकटे दादाच उरले होते.

मला माझ्या लग्नात दादांचीच सनई हवी होती. कॅसेट नको आणि दुसरा कुणी तर नकोच. हा हट्ट मी अगदी लहान असल्यापासून धरला होता. दादा म्हणायचे, "बापानं वाजवायची नसते बाई." म्हणायचे आणि तोंड दुसरीकडे वळवायचे. पंचक्रोशीतल्या सगळ्या पोरींना ज्यानं वाजवत सासरी धाडलं, त्याला स्वतःच्या पोरीच्या लग्नात गप्प बसायचं होतं. त्यांना ते डाचत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

दादांना एक थोरले भाऊ होते. ते फौजेत गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. भरतीच्या वेळी तिथल्या कुणीतरी विचारलं, काय येतं? हे म्हणाले, सनई येते. तेवढ्यावर त्यांना बँडमध्ये घेतलं आणि त्यांच्या हातात एक काळं, चांदीसारख्या चकचकीत कळांनी भरलेलं वाद्य दिलं. त्याचं नाव ओबो. सनईसारखीच दुहेरी पत्ती, म्हणून तो बाकी सगळ्यांना सोडून त्यांच्या वाट्याला आला. पुढं सगळी नोकरी त्यांनी ओबोवर काढली. निवृत्त झाल्यावर कलकत्त्याच्या एका दुकानातून जुना ओबो स्वतःसाठी विकत घेतला आणि नाशिकला इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिले. दादा त्या वाद्याला 'इंग्रजी सनई' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि खवचटपणा जास्त असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कॉलेजसाठी काका-काकूंकडे राहायला आले. इंदिरानगरात तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते आणि काका संध्याकाळी गच्चीवर वाजवायला बसले की आवाज पार हायवेपर्यंत जायचा. शेजाऱ्यांना वाटायचं कुणाकडे तरी लग्न आहे. एक बाई तर बिचारी आहेर विचारायला आली होती.

मला आधी तो आवाज आवडला नाही. सनईच्या मानानं फारच शिस्तीचा वाटला, भांग पाडून बसल्यासारखा. मी तसं म्हटलं तेव्हा काका रागावले नाहीत. त्यांनी आतून एक जुनी सनई आणली, माझ्या आजोबांची, आणि सतरंजीवर ओबोच्या शेजारी ठेवली.

"बघ," ते म्हणाले, "नाक-डोळे सारखे दिसतात की नाही?"

दिसत होते. दोघींना तशीच दुहेरी पत्ती, दोघींचं अंग वर बारीक आणि खाली रुंद होत गेलेलं, दोघींना बोटांची भोकं.

"ही आपल्याच घरातली मुलगी आहे," काका म्हणाले. "लांब दिली होती, एवढंच."

मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती मी पुढं अनेकांना सांगितली आहे. इराणाकडे सुरनाई म्हणतात, आपल्याकडे शहनाई, सनई. मूळ कुणाचं यावर जाणकार भांडतात, आपण भांडायचं नाही. व्यापाऱ्यांबरोबर आणि फौजांबरोबर ही जात पश्चिमेला गेली. युरोपातही शेकडो वर्षं ती सनईसारखीच उघड्यावर वाजत होती. मिरवणुकीत, बाजारात, किल्ल्याच्या तटावर. आवाज असा की घोडे बिचकावेत. पुढं साडेतीनशे वर्षांमागे फ्रान्सच्या राजवाड्यातल्या वाजवणाऱ्यांना वाटलं की हिला घरात आणावं, व्हायोलिनच्या पंगतीला बसवावं. पण घरात आणायचं तर आवाज आवरायला हवा. तेव्हा त्यांनी तिचं अंग तीन तुकड्यांत केलं, आतली पोकळी बारीक केली. पत्तीच्या बुडाशी ओठ टेकवायला एक चकती असायची, ती काढून टाकली आणि पत्ती सरळ ओठांत धरली. ओठांत धरली की ती मवाळ होते, हवा तशी वळते. तिचं फ्रेंच नाव म्हणजे नुसतं 'उंच आवाजाचं लाकूड', त्याचाच पुढं ओबो झाला.

"आणि एवढे दागिने?" मी कळांकडे बोट दाखवून विचारलं.

"ते सासरचे," काका म्हणाले. "सुरुवातीला दोनतीनच कळा होत्या. मग जो येईल तो एक चढवत गेला. जिथं बोट पोचत नाही तिथं कळ, अर्ध्या सुराला कळ, कळेला उघडायला कळ. शे-दीडशे वर्षं दागिने घडवणं चाललं होतं. आता उचलायला गेलं की हात भरून येतो."

काकू आतून म्हणाल्या, "तिला एवढे घातलेत, मला एक मोहनमाळ नाही."

ओबोचे लाड पुष्कळ होते. आतला ओलावा काढायला कोंबड्याचं लांब पीस लागायचं. कळांच्या खाली पाणी अडकलं की ते टिपायला सिगारेटचा कोरा पातळ कागद लागायचा. काका सुपारीच्या खांडालाही शिवत नसत, पण पानवाल्याकडे सिगारेटचे कागद मागताना त्यांना अख्ख्या कॉलनीनं पाहिलं होतं. म्हातारपणी बिघडले म्हणून काकूंकडे चौकशाही झाल्या. काकूंनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही, कारण त्यांना मजा येत होती.

आणखी एक गोष्ट काकांनी त्या दिवसांत सांगितली आणि मला ती फार आवडली. मोठा वाद्यवृंद वाजायला बसतो तेव्हा आधी एकटा ओबो एक सूर धरतो. बाकी सगळे, झाडून सगळे, त्या सुराला आपापलं वाद्य जुळवून घेतात. मी सुट्टीत सायखेड्याला गेले तेव्हा दादांना हे सांगितलं. दादा तंबाखू मळत होते.

"का बरं?" ते म्हणाले. "तिचा मान मोठा हाय का?"

"नाही, तिला आपला सूर फारसा हलवता येत नाही. म्हणून बाकीच्यांनी हलायचं."

"मंग मान कसला, हट्टी हाय म्हनून चालवून घेत्यात," दादा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय ओबोचा राहिला नाही.

आता चिंचेचं. मी काकांकडे राहायला गेल्यावर आठवडाभर दम धरला, मग राहवेना. गच्चीवर ते वाजवत असताना समोर चिंच घेऊन बसले. मिटक्या मारल्या, डोळा मिटला, बोटं चाटली. काका वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी कैरी आणली, तिखट-मीठ लावून. काका वाजवत राहिले. मग मी लिंबू अर्धं चिरून चक्क चोखलं, माझेच दात आंबले, अंगावर काटा आला. काकांनी एक भुवई वर केली, धून सावकाश पूर्ण केली, ओबो मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "झालं तुझं? उरलेल्या कैरीला मीठ लावून इकडे दे."

फौजेतल्या सोबत्यांनी त्यांना वर्षानुवर्षं लिंबं आणि लोणची दाखवून छळलं होतं. परेडच्या मैदानात थांबलं तर बँडमास्तर सालटी काढणार. तेव्हा वाजवता वाजवता गिळायचं कसं हे ते शिकून गेले होते. उलट आंबट म्हटलं की त्यांचा जीव खुलायचा.

"फक्त सायखेड्याला सांगू नकोस," ते मला म्हणाले. "तो काय म्हणेल माहीत आहे? चिंचेनं बंद पडत नाही ती सनईच नव्हे. त्याला वाटू दे, माझीही तशीच आहे."

मी सांगितलं नाही. पोटात गोष्ट न राहणारी मी, पण ही राहिली.

ओबोच्या पत्त्यांसाठी काका फ्रान्सकडचा नळ मागवत, तो मिळेनासा झाला तेव्हा काकांनी दादांना निरोप धाडला. दादांनी नदीकाठचा जाड नळ निवडून, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला. सोबत निरोप असा, की इंग्रजी सनईला गावचं पाणी बाधलं तर आम्हाला बोल लावू नका. बाधलं नाही. काका आठवडाभर तासत बसले आणि गोदावरीकाठच्या नळावर ओबो असा काही बोलला की काकूही भाजी टाकून गच्चीवर आल्या. मला तेव्हा पहिल्यांदा त्या आवाजात आमचा ओटा ऐकू आला. शिस्त तीच, पण आत कुठंतरी सायखेडा.

ओबोची पत्ती एका बारीक पितळी नळीवर बांधतात. ती नळीही मिळेना. तेव्हा काकांना कुणीतरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात काम करणारा एक टर्नर गाठून दिला. मूळचा सटाण्याकडचा, इंदिरानगरातच भाड्यानं राहणारा. तो सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नळ्या करून आणायचा. पहिली आणली, काकांनी फुंकली, म्हणाले केसभर जाड आहे. त्यानं वाद घातला नाही, परत घेऊन गेला. दुसरी आणली, तीही काकांनी नाकारली. तिसऱ्या वेळी नळी बसली आणि काकांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. मी वाढत होते. तो खाली मान घालून जेवला आणि जाताना मला विचारलं, "तुम्हाला वाजवता येतं का?" मी म्हटलं, "मला फक्त बंद पाडता येतं." तो एवढा हसला की चप्पल उलटी घातली. पुढं यथावकाश काकांनीच दादांकडे विषय काढला. "एवढीशी नळी तीनदा करतो आणि कपाळाला आठी नाही. हिच्याशी संसार करायला असाच पाहिजे," हे त्यांचं शिफारसपत्र. दोन हजार सालानंतर, माघ महिन्यात, माझं लग्न ठरलं.

आणि सनईचा प्रश्न उभा राहिला. दादांनी वाजवायची नाही, कॅसेटला मी तयार नाही. घरातलं वाजवणारं दुसरं माणूस एकच होतं. पण काकांची सनईची सवय सुटून जन्म गेला होता. त्यांनी आजोबांची सनई काढून पाहिली, ओठ बसेनात, बोटं कळा शोधायला लागली. तेव्हा ठरलं, माझ्या लग्नात इंग्रजी सनई.

दादांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, तुझी सनई सुरांचा जिना चढते, पायरीपायरीनं. आमची सुरांवरून घसरगुंडी खेळते. मांडवात लोक हसतील."

"हसले तर हसले. लग्न आहे, तेरावं नाही," काका म्हणाले.

खरी मारामारी सुरावरून झाली. सनईच्या जोडीला दुसरा एक जण नुसता एकच सूर धरून बसतो. तो सूर सनईला जुळवायचा असतो. आमच्या सुराची सनई ओबोला काही केल्या जुळेना. ओबो हलायला तयार नाही. शेवटी दादांनीच मेण घेतलं, सुराच्या सनईच्या भोकांत थोडं थोडं भरत बसले, पत्ती आतबाहेर करत राहिले. तोंडानं चालूच होतं, "ही म्हंजे पाव्हनी आली आन्‌ घरच्यांनी जागा बदलायची." दोन दिवसांनी सूर जुळला. मग मी पाहिलं, दादा न्हाणीमागे बसून आपल्या स्वतःच्या सनईच्या भोकांनाही मेण लावत होते.

"दादा, ही कशाला?" मी विचारलं. "तुम्हाला तर वाजवायची नाही."

"उगं. जुळती का बघतो," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी घरची सनई देवकाच्या पाटावर, पूजेत असते. दादांची सनई हळदीकुंकू लावून, अक्षता वाहून पाटावर ठेवली होती, दादांच्या उजव्या हाताला. काका समोरच्या चौरंगावर, बंद गळ्याचा कोट घालून, परेडला बसल्यासारखे ताठ. शेजारी संबळ आणि सूर धरायला एक चुलतभाऊ, त्याला तेवढंच जमायचं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या आणि ओबो लागला. मांडव क्षणभर चपापला. मग संबळानं ठेका धरला आणि लोकांच्या माना हलायला लागल्या. जिना तर जिना, पण काका तो काय ऐटीत चढत होते! सटाण्याकडची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "हाई काय शे वं माय?" आणि शेजारीण आमच्या गावची, ती ठसक्यात म्हणाली, "फ्रान्सची सनई हाय, पोरीच्या चुलत्यानं आनली."

कन्यादान आलं. काकांनी आवाज हळू केला. गुरुजी दादांना म्हणाले, "म्हणा, मम."

"म्म," दादा म्हणाले.

"स्पष्ट म्हणा, यजमान. मम."

"म्म्म."

मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बापाचा कंठ दाटला, शब्द फुटेना, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, माझेही डोळे भरले. आई त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "धीर धरा." दादांनी मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. तेव्हा मी मुंडावळ्यांतून नीट पाहिलं. त्यांचा डावा गाल किंचित वर आला होता.

दादांच्या गालात पत्ती होती. भिजत ठेवलेली. कधीपासून कोण जाणे, बहुतेक सकाळपासून. वाजवायची नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, रीत मोडायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, तरी तोंडात पत्ती धरून हा माणूस लेकीचं कन्यादान करत होता. मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदम आलं आणि नाकातून विचित्र आवाज निघाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझी नजर गेली होती तिकडे, दादांच्या गालाकडे पाहिलं. वाजवणाऱ्याला सांगायला लागत नाही. त्यांची ती भुवई वर गेली, तशीच, गच्चीवर जायची तशी.

कन्यादान पार पडलं, दादांचे हात मोकळे झाले, होमाची तयारी सुरू झाली. तेवढ्यात माझ्या सासरच्या दोन करवल्या, ह्यांच्या चुलतबहिणी, काकांच्या चौरंगासमोर येऊन उभ्या राहिल्या. देवळामागच्या झाडाच्या गाभुळलेल्या चिंचा त्यांच्या ओंजळीत होत्या. अर्धवट पिकलेली, सालीपासून सुटलेली ती चिंच म्हणजे सगळ्यांत वाईट, आंबट आणि गोड दोन्ही बाजूंनी मारते. पोरी मिटक्या मारायला लागल्या. मला त्यांची कीव आली. मनात म्हटलं, बायांनो, मी लिंबू चोखून थकले, तुमचं काय चालणार!

काका वाजवता वाजवता थांबले.

एकदम थांबले. ओबो तोंडातून काढला, गळ्याची घाटी मोठ्यानं खालीवर केली, रुमाल तोंडाला लावला आणि हात हलवून खुणेनं सांगितलं, संपलं, जमत नाही.

"बंद पडनी वं, बंद पडनी!" करवल्या उड्या मारायला लागल्या. मांडव हसला. संबळवाला गोंधळून नुसताच ठेका देत राहिला. सनई तुटली होती, सप्तपदी व्हायची होती, आणि घरातलं वाजवणारं माणूस आता एकच उरलं होतं.

दादांनी कुणाकडे पाहिलं नाही. पाटावरची सनई कधी उचलली ते मलाही दिसलं नाही. गालातली पत्ती काढून तिच्यावर चढवली, पहिली फुंकर मारली आणि सनईच्या पितळी तोंडातून अक्षता उडून गुरुजींच्या पोथीवर पडल्या. मग सूर लागला. सकाळपासून भिजलेली पत्ती ती, तिला चाचपडायचं काय कारण! चुलतभावाच्या सुराला तो तंतोतंत जुळलेला होता. मेण लावून ठेवलं होतं ना.

"यजमान, अहो यजमान," गुरुजी म्हणाले.

"घरची रीत आहे, गुरुजी. तुटली की उचलायची," काका रुमालाआडून म्हणाले. "आणि दान झालंय. चालू द्या."

मी सप्तपदी चालले ती दादांच्या सनईवर. मला तेवढंच हवं होतं आणि ते मिळालं. मी पाऊल टाकलं की दादा सूर ओढून धरायचे, पाऊल टेकलं की सोडायचे, लहानपणी मला बोट धरून नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरवायचे तसे. ह्यांनी वाकून माझ्या कानात विचारलं, "तुला रडू येतंय की हसू?" मी म्हटलं, "चाला मुकाट्यानं." दोनतीन पावलं झाल्यावर मागून आणखी एक सूर आला, भांग पाडलेला, एका जागी ठाम उभा. काकांनी ओबो पुन्हा उचलला होता. धून वगैरे काही नाही, नुसता सूर धरला होता, धाकट्या भावासाठी. पलीकडे सगळा वाद्यवृंद ज्याला जुळवून घेतो, तो सूर.

ही गोष्ट दादा आजही पाहुण्यांना सांगतात. फ्रान्सला गेली, राजवाड्यात बसली, चांदीनं मढली, पण सायखेड्याच्या चिंचेपुढं इंग्रजी सनईचं काय चाललं नाय. शेवटी ही हुबी राहिली, असं म्हणून ते खुंटीवरच्या सनईकडे बोट दाखवतात. काका शेजारी बसलेले असले तर मान डोलावतात. "हरली बाबा, हरली," म्हणतात, "तेव्हापासून तिला मी सनई म्हणायला लागलो." दादांना हे वाक्य फार आवडतं.

पण पाठवणीचं सांगायचं राहिलं. पाठवणीला रीतीप्रमाणे वाजवायला काकाच होते. दादा आईला धरून उभे होते, उपरण्यानं डोळे पुसत होते, त्यांना कशाचीच शुद्ध नव्हती. बायका रडत होत्या, मी रडत होते. पाया पडायला म्हणून काकांसमोर वाकले. त्यांनी एका हातानं ओबो सावरला आणि दुसऱ्या हातानं कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं. करवल्यांकडून मागून घेतलेली गाभुळलेली चिंच. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी तिचा मोठा तुकडा तोडला, गालात टाकला, जिभेनं नीट बाजूला सरकवला आणि ओबो ओठांना लावून पाठवणीची धून सुरू केली. एक सूर हलला नाही. फक्त भुवई वर होती.

मी खदखदून हसले. मुंडावळ्या सुटेपर्यंत हसले. जीपमध्ये बसले तरी थांबेना. सासरी अजून सांगतात की आमच्या घराण्यात हसत हसत आलेली ही एकच सून. का हसले ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.